लिनक्स व्हॉइस: बत्तीस अंकांचा जमाखर्च

लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीला वाहिलेल्या 'लिनक्स व्हॉइस' या ब्रिटिश मासिकाच्या सुरुवातीच्या पानांवर एक छोटी चौकट असे. तिच्यात वाचकांना दोन वचने दिलेली होती. एक, आर्थिक वर्ष संपले की नफ्यातला निम्मा वाटा मुक्त सॉफ्टवेअरसाठी (म्हणजे ज्याचा स्रोत कुणीही पाहावा, बदलावा, वाटावा अशा सॉफ्टवेअरसाठी) काम करणाऱ्या संस्थांना जाईल, आणि कोणत्या संस्थांना द्यायचा ते वाचक मतदान करून ठरवतील. दोन, अंक निघाल्यापासून फार तर नऊ महिन्यांत त्यातला सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला होईल. तो कुणीही उतरवून घ्यावा, वाटावा, बदलावा, हवा तर विकावासुद्धा. लेखकाचे श्रेय द्यायचे आणि पुढेही तोच परवाना ठेवायचा, एवढ्याच अटी.

एप्रिल २०१४ ते नोव्हेंबर २०१६ या तारखांचे ३२ अंक काढून हे मासिक स्वतंत्रपणे निघायचे थांबले. वाचकांच्या पैशावर नियतकालिक उभे करू पाहणाऱ्यांना त्याचे नाव कधी आदर्श म्हणून ऐकवले जाते, तर कधी 'शेवटी बंदच पडले ना' म्हणून. मला दोन्ही सूर घाईचे वाटतात. आधी पैसा कुठून आला आणि कसा गेला ते पाहू.

चौघेजण

अँड्रयू ग्रेगरी, ग्रॅहम मॉरिसन, बेन एव्हरार्ड आणि माइक साँडर्स हे चौघे 'लिनक्स फॉरमॅट'चे जुने संपादकीय सहकारी. ते मासिक फ्यूचर या मोठ्या प्रकाशनसंस्थेचे, २००० सालापासून निघत असलेले. अंकाबरोबर ही मंडळी पॉडकास्टही करायची. त्यातल्या गप्पांमुळे वाचकांना त्यांचे आवाज, त्यांचे विनोद, कोण कुठल्या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या कुठल्या वितरणावर, चिडतो हे सगळे ठाऊक झाले होते. पुढे जे घडले त्यात या ओळखीचा वाटा फार मोठा होता. पैसे मागणारा अनोळखी असला की माणूस आधी योजना वाचतो. ओळखीचा असला की आधी पाकीट काढतो आणि योजना मग वाचतो.

२०१३ च्या नोव्हेंबरात त्यांनी इंडिगोगो या लोकांकडून निधी जमवून देणाऱ्या संकेतस्थळावर निधी उभारायला सुरुवात केली. लक्ष्य होते ९०,००० पौंड. डिसेंबर संपायच्या आत १,२७,६०३ पौंड जमले. फेब्रुवारी २०१४ मध्ये पहिला अंक निघाला, मुखपृष्ठावर तारीख एप्रिल २०१४. ब्रिटनमध्ये मासिकांवर पुढची तारीख टाकायची जुनी रीत आहे, म्हणजे अंक दुकानात शिळा दिसत नाही.

पैसे जमल्यापासून अंक निघेपर्यंत दोन महिने, ही गती लक्षात घ्यावी. हौशी लोकांनी याच कामाला वर्ष लावले असते. या चौघांना पाने कशी भरायची, मुद्रितशोधन कधी उरकायचे, छापखान्याला फायली कधी पोचवायच्या हे शिकावे लागले नाही. देणगीदारांनी खरेतर या तयारीवरच पैसे लावले होते, मासिकाची कल्पना त्या मानाने दुय्यम.

एक लाख सत्तावीस हजारांत काय बसते

आकडा ऐकायला भरभक्कम आहे. तो बारा अंकांवर पसरू. १,२७,६०३ भागिले १२ म्हणजे अंकामागे सुमारे १०,६०० पौंड. यात निधी उभारणाऱ्या व्यासपीठाची दलाली आणि कार्डावरून पैसे घेण्याचा खर्च अजून वजा केलेला नाही.

आता चार माणसांचा पगार. ऑक्टोबर २०१३ पासून ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी ६ पौंड ३१ पेन्स होते. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर एका माणसाचे महिन्याला हजारभर पौंड, चौघांचे ४,१०० च्या आसपास. त्यांनी प्रत्यक्षात किती घेतले हा इथे प्रश्न नाही. कायद्याने ठरवलेल्या तळाच्या दराने मोजले तरी काय उरते एवढेच पाहायचे आहे. मूळ लक्ष्याच्या ९० हजारांचे महिन्याला ७,५०० होतात. त्यातून पगार काढला की ३,४०० पौंड उरतात. एवढ्यात कागद, छपाई, वेष्टन, टपाल, बाहेरच्या लेखकांचे मानधन, मुखपृष्ठाची कलाकुसर, सर्व्हर, हिशेबनीस. हे भागत नाही. स्टॉलवरची विक्री, नवे वर्गणीदार आणि जाहिराती आल्या तरच भागते. लोकांनी दिलेल्या पैशाने गाडी ढकलून सुरू केली, रोजच्या इंधनाची सोय निराळी करायची होती.

स्टॉलवरची विक्री म्हणजे तर वेगळीच डोकेदुखी. मासिके दुकानात परतीच्या बोलीवर जातात. न खपलेले अंक विक्रेत्याच्या अंगावर पडत नाहीत, प्रकाशकाच्या पडतात, आणि बहुतेक वेळा त्यांचा लगदाच होतो. खपलेल्या अंकाच्या किमतीतही वितरक आणि दुकानदार आपापला वाटा आधी कापून घेतात, उरलेले पैसे प्रकाशकाच्या हाती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतात. छापखान्याला मात्र तेवढे थांबायची सवय नसते. मोठ्या संस्थेत हे खड्डे दुसरे एखादे मासिक भरून काढते. चौघांच्या कंपनीत ते काम बँकेतली शिल्लक करते.

वर्गणी म्हणजे उधारी

या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते ही आहे, आणि निधी जमल्याच्या आनंदात ती हमखास नजरेआड होते. इंडिगोगोवर आलेल्या रकमेतला मोठा भाग देणगी नव्हता. लोकांनी वर्षभराची वर्गणी आगाऊ भरली होती. हिशेबाच्या वहीत ती जमेला दिसते खरी, पण प्रत्येक पौंडामागे अजून न छापलेले अंक उभे असतात. पहिला अंक टपालात पडला की बारावा हिस्सा फिटला. उरलेले अकरा हिस्से देणेच.

प्रत्येक नियतकालिकाचे असेच असते, हे खरे. फरक पुढे आहे. जुन्या मासिकाचे वर्गणीदार वर्षभरात पांगलेले असतात. कुणाची वर्गणी जूनमध्ये संपते, कुणाची ऑक्टोबरात, दर महिन्याला थोडे जातात, थोडे नव्याने येतात. लोकनिधीतून जन्मलेल्या मासिकाचे तसे नसते. सगळे एकाच दिवशी चढलेले असतात, त्यामुळे वर्षाची वर्गणी भरलेल्या सगळ्यांचे तिकीट एकाच स्टेशनावर संपते. 'लिनक्स व्हॉइस'चा पहिला अंक एप्रिल २०१४ चा, म्हणजे ते स्टेशन मार्च २०१५ च्या बाराव्या अंकाला येते. त्या वेळी पहिल्या हिवाळ्यातला उत्साह नसतो. मोहिमेचे काउंटर पळत नसते, 'अजून चार दिवस उरले' अशी हाक नसते. 'आपली वर्गणी संपत आली आहे' असे एक पत्र येते, आणि माणूस ते 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवतो.

यावर उपाय नाही असे नाही. सुरुवातीलाच सहा, बारा आणि चोवीस अंकांचे पर्याय वेगवेगळ्या सवलतीने दिले तर मुदती पांगतात. निधीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढून दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तीन अंकांच्या छपाईला राखता येतो. हे सगळे मोहिमेच्या पानावर लिहायला रुक्ष वाटते. पण ज्या वाचकाला सॉफ्टवेअरचा स्रोत उघडून बघायची सवय आहे त्याला मासिकाचा हिशेब उघडून दाखवायला संकोच कशाचा?

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन्हींसाठी राबतो, म्हणून तिथल्या मंडळींना गेली चाळीसेक वर्षे तोच खुलासा पुन्हा पुन्हा करावा लागतो. मराठीत मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे, आपली त्यातून सुटका आहे. तरीही मुक्त सॉफ्टवेअरच्या वाचकाकडे पैसे मागताना प्रकाशकाचा आवाज जरा खाली येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तो येऊ नये. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन १९८५ च्या सुमारास ग्नू ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादक प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत होते. ज्याला नेटवरून उतरवता येत होते त्याने ते उतरवून घ्यावे, ज्याला टेप हवी त्याने पैसे द्यावेत. टेप घेणाऱ्यालाही पुढे प्रती वाटायची पूर्ण मुभा होती. आणि टेप विकल्या जात होत्या.

पैसे आणि खुलेपणा यांची सांगड घालायचे मार्ग दुसऱ्यांनीही काढले आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेले एलडब्ल्यूएन हे लिनक्सच्या बातम्यांचे संकेतस्थळ २००२ साली पैशाअभावी बंद करण्याच्या बेतात होते. वाचकांनी मदत पाठवली, आणि त्याच वर्षी तिथे वर्गणी सुरू झाली. वर्गणीदारांसाठीचे लेख पुढच्या आठवड्यात सर्वांना खुले होतात. ते अजून चालू आहे. दुसऱ्या टोकाला उबुंटू या लिनक्स वितरणाच्या वाचकांचे 'फुल सर्कल'. ते स्वयंसेवकांचे, २००७ पासून केवळ डिजिटल निघणारे आणि पहिल्या दिवसापासून विनामूल्य.

'लिनक्स व्हॉइस'ने परवान्यात व्यापारी वापराला मनाई घातली नाही. दुसरा प्रकाशक हे लेख घेऊन छापून विकू शकतो, हे माहीत असून परवाना निवडला. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली प्रोग्रॅम देणाऱ्याची जी हिंमत असते तीच ही.

नऊ महिने का

आठवडा नाही, दोन वर्षे नाहीत, नऊ महिने. अंक दुकानात महिनाभर असतो. त्यानंतर जुना अंक मागवणारे थोडे, आणि नऊ महिन्यांनी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तोवर बातम्या शिळ्या होतात, लिनक्स वितरणांची परीक्षणे पुढच्या आवृत्तीने निकालात काढलेली असतात. पण शेल स्क्रिप्ट कशी लिहावी, नेटवर्कवरचे पॅकेट कसे वाचावे, जुन्या भाषेत आज कोड का लिहून पाहावा, असा मजकूर तितक्या लवकर मरत नाही. प्रकाशकाला ज्याची विक्री उरलेली नाही आणि वाचकाला ज्याचा उपयोग उरला आहे, असा तो टप्पा आहे. मुदत विचाराने ठरवलेली दिसते.

हे वचन पाळणे मात्र छापील चौकटीत दिसते तेवढे सोपे नसते. बाहेरच्या लेखकाशी करार करतानाच त्यात नऊ महिन्यांनंतरच्या परवान्याचे कलम असावे लागते. नंतर एकेकाला गाठून परवानगी मागत बसलो की काम अडलेच. विकत घेतलेली छायाचित्रे, कंपन्यांची बोधचिन्हे, जाहिराती, यांच्यावर प्रकाशकाचा हक्क नसतो, ती वेगळी काढावी लागतात. म्हणजे पान लावतानाच, कुठल्या चौकटीतले चित्र कुणाचे याची नोंद ठेवणारा कुणीतरी हवा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही, आणि ते पहिल्या अंकापासून केले नाही तर पुढे कधीच होत नाही.

दोन वचनांत हे दुसरे मला फार वजनदार वाटते. नफ्याचा निम्मा वाटा ही गोष्ट ऐकायला मोठी, पण वरचा हिशेब पाहिला की कळते, चौघांचा पगार आणि छपाई भागवून नफा उरणेच अवघड. उरला तर वाटायचा, नाही उरला तर वचन मोडल्याचा ठपका नाही. त्याचा उपयोग वेगळा होता. हे पैसे दूरच्या भागधारकांच्या खिशात जाणार नाहीत, हे त्यातून वाचकाला एका ओळीत कळत होते. परवान्याचे वचन मात्र नफा असो वा तोटा, दर महिन्याला पाळावेच लागते.

पीडीएफवरचा कर

वाटेत एक चमत्कारिक वळण आहे. ब्रिटनमध्ये छापील मासिकावर मूल्यवर्धित कर शून्य. त्याच मासिकाच्या डिजिटल आवृत्तीवर त्या काळी २० टक्के. म्हणजे वाचकाकडून ६ पौंड घेतले की त्यातला १ पौंड सरकारचा. कागद नको, टपाल नको म्हणून डिजिटल अंक स्वस्त पडावा अशी वाचकाची अपेक्षा, आणि कर बरोबर उलट दिशेने ओढणारा. ही तफावत पुढे १ मे २०२० ला गेली, तोवर 'लिनक्स व्हॉइस' इतिहासात जमा झाले होते.

त्यात १ जानेवारी २०१५ पासून युरोपीय संघात नवा नियम आला. डिजिटल माल विकताना विक्रेत्याच्या देशाऐवजी ग्राहकाच्या देशाचा दर लावायचा. लक्झेंबर्गचा ग्राहक असेल तर १७ टक्के, हंगेरीचा असेल तर २७. ग्राहक नेमका कुठला, याचे एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे जपून ठेवायचे. जगभर वाचक असलेल्या छोट्या डिजिटल प्रकाशकाने पाच युरोच्या विक्रीसाठी एवढा खटाटोप करायचा. गंमत म्हणजे, माणसाने स्वतः बसून ईमेलला जोडून पाठवलेली पीडीएफ या नियमात येत नव्हती, यंत्रणेने आपोआप उतरवू दिलेली येत होती. ज्या वाचकवर्गाला काम आपोआप व्हावे म्हणून स्क्रिप्ट लिहायची सवय, त्याला सेवा देणाऱ्याला कर वाचवायचा तर हाताने ईमेल पाठवत बसावे लागले असते!

आणि वेळही बघा. हा नियम जानेवारी २०१५ चा, आणि पहिल्या वर्गणीदारांचे शेवटचे स्टेशन मार्च २०१५ चे.

विलीनीकरण

२०१६ च्या अखेरीस 'लिनक्स व्हॉइस' दुसऱ्या जुन्या मासिकात, 'लिनक्स मॅगझिन'मध्ये सामील झाले. नोव्हेंबर २०१६ चा ३२ वा अंक स्वतंत्र अंकांतला शेवटचा. डिसेंबर २०१६ पासून 'लिनक्स मॅगझिन'च्या १९३ व्या अंकात 'लिनक्स व्हॉइस' हा स्वतंत्र विभाग म्हणून दिसू लागला.

याला बंद पडणे म्हणावे का? अमेरिकेतल्या 'लिनक्स जर्नल'शी ताडून पाहा. मार्च १९९४ मध्ये पहिला अंक, त्यात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची मुलाखत. २०११ मध्ये छपाई थांबवून केवळ डिजिटल. डिसेंबर २०१७ मध्ये बंद होत असल्याची घोषणा, मग एका कंपनीच्या पैशाने जीवदान, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बंद. आणि ज्या 'लिनक्स फॉरमॅट'मधून आपले चौघे निघाले, तेही पंचवीस वर्षे निघून २०२५ मध्ये थांबले. त्या पंचवीस वर्षांत लिहिला गेलेला मजकूर प्रकाशकाच्या मालकीचा. तो पुन्हा वाचकांसमोर येईल की नाही हे प्रकाशक ठरवणार. 'लिनक्स व्हॉइस'चे अंक मात्र कुणालाही उतरवून घेता येतात, शिकवायला वापरता येतात, भाषांतर करून छापता येतात, त्यासाठी कुणाला पत्र लिहावे लागत नाही. कंपनी राहिली नाही तरी मजकूर राहावा, हा हेतू त्या चौकटीत आधीच लिहून ठेवला होता.

म्हणून वर्गणीदारांचे देणे फिटले का, असे विचारले तर माझे उत्तर 'हो' असे आहे, आणि त्यात परवान्याचा वाटा छपाईइतकाच. ज्याने २०१३ मध्ये पैसे भरले त्याला बारा अंक मिळाले. ज्याने छदामही भरला नाही त्यालाही नऊ महिन्यांनी तेच मिळाले. पहिल्याने दुसऱ्याचा खर्च उचलला, आणि तो हे जाणून होता.

मासिक आपल्या पायावर उभे राहिले का, याचे उत्तर मात्र 'नाही' असेच द्यावे लागते. चार पगार, परतीच्या बोलीवरची विक्री, एकदम संपणाऱ्या वर्गण्या आणि पीडीएफवरचा कर, एवढे ओझे एका छोट्या कंपनीच्या एका मासिकावर होते. त्यांच्या हातून ठळक चूक झाली असे मला दिसत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मुदती पांगवल्या असत्या आणि छापील अंक दोन महिन्यांनी एक केला असता. वाचकांनी तो स्वीकारला असता की नाही, कुणास ठाऊक.

याच काळात आणखी एक मासिक वेगळ्या वाटेने गेले. 'मॅगपाय' हे रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणक-बोर्डाच्या चाहत्यांनी २०१२ मध्ये स्वयंसेवेने सुरू केलेले, फुकट पीडीएफचे मासिक. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टर या इंडिगोगोसारख्याच संकेतस्थळावर पैसे जमवले ते पहिले आठ अंक कागदावर छापण्यापुरतेच, पगारांसाठी नव्हेत. २०१५ मध्ये ते रास्पबेरी पायच्या संस्थेकडे गेले आणि अधिकृत मासिक झाले. तिथे संपादकांचा पगार अंकाच्या खपावर तेवढा अवलंबून राहत नाही, कारण मागे बोर्ड विकणारी कंपनी उभी असते.

त्याच घरातून २०१७ च्या नोव्हेंबरात 'हॅकस्पेस' नावाचे नवे मासिक निघाले. संपादक बेन एव्हरार्ड, आणि संपादकीय चमूत अँड्रयू ग्रेगरी. त्याची पीडीएफ नऊ महिने थांबत नव्हती. अंक निघाला की त्याच दिवशी ती सगळ्यांना विनामूल्य मिळायची.